पुरावा काय?



आठवीच्या निबंधाच्या तासाला मी विषय दिला होता – 'माझी पहिली रहस्यकथा'. वह्या तपासायला घेतल्या तर काय, बहुतेक गुन्हे मुंबईत नाहीतर थेट लंडनमध्ये! आपल्या हेदवीत काही घडूच शकत नाही, ही मुलांची खात्री.

मग मी त्यांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सांगितला. तो कुठला? फुरसुंगीचा. अगाथा क्रिस्टीची १९२० साली आलेली पहिली कादंबरीही एका खेड्याजवळच्या मोठ्या घरात घडते. पहिल्या महायुद्धात तिने रुग्णालयाच्या औषध विभागात काम केलं होतं. तिथे मिळालेली विषांची माहिती तिने गोष्टीत वापरली. म्हटलं, "तुम्हीही तुम्हाला माहीत आहे ते वापरा. बामणघळ आहे, दशभुजा गणपतीचं देऊळ आहे, आंब्याच्या बागा आहेत. पुन्हा लिहा."

या खेपेस एक गोष्ट फारच रंगली होती. बागेतून आंब्याच्या पेट्या चोरीला जातात आणि चोर निघतो राखणीचा गुरखा. भाषा झकास. मी ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. शेवट आला आणि सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. तिथे बागेच्या राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातला मुलगा बसला होता. तो खाली मान घालून वहीच्या कोपऱ्यावर रेघा ओढत राहिला.

चूक माझीच. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मोठी माणसं बोलतात तेच त्याने लिहिलं. वाचण्याआधी मी थांबायला हवं होतं. कथेतला संशयित पुस्तक मिटलं की संपतो. गावातला रोज एस.टी.त समोर बसतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. तो "चालेल सर" म्हणाला, एवढंच. मग फळ्यावर दोनच शब्द लिहिले – 'पुरावा काय?' मुलांनी ती गोष्ट पुन्हा तपासली. पुरावा एकही सापडला नाही. 'तो बाहेरचा आहे' एवढंच होतं.

मग सगळ्यांनी मिळून नवी गोष्ट रचली. पाण्याकाठी राहणाऱ्या एका मुलीने आजोबांचा हिशेब सांगितला: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. गोष्टीतला बागमालकाचा पुतण्या सांगतो, "अष्टमीला भर दुपारी मी बामणघळीतून उसळणारं पाणी बघत होतो." झालं! भरतीशिवाय तिथे पाणी उसळेल कसं? पोरं टाळ्या पिटायला लागली.

तुम्हीही हा उपक्रम जरूर घ्या. अट दोनच: संशयित किमान तीन हवेत, आणि चोर सापडावा तो पुराव्याने, जात, गाव किंवा गरिबी बघून नाही. गोष्ट वर्गात वाचण्याआधी, वर्गात कोण बसलंय तेही बघा.

पालकांनो, एक तुमच्यासाठी. घरात काही हरवलं की आपल्या तोंडून पहिलं नाव कोणाचं येतं? मुलं ते ऐकत असतात.

त्या मुलाची वही त्या आठवड्यात कोरीच आली. मी काही विचारलं नाही. पुढच्या निबंधाची वाट बघतोय.