पाणी पाजण्याची कला

एखाद्याला पाणी पाजणं म्हणजे त्याचा पराभव करणं, असं आपण मराठी माणसं समजतो. लोहाराचं गणित उलटं. पाणी पाजल्यावरच त्याचं पातं जिंकायला लागतं.

आमच्या सौ.ची पावशी (पुणेकरांनी विळी वाचावी) बोथट झाली, म्हणून ती घेऊन मी रस्त्याकडेच्या गाडीलोहाराकडे गेलो. नागपूरचा मे महिना, पारा 45वर. भट्टीपाशी जरा गारच वाटलं म्हणा ना! पातं लालभडक झाल्यावर त्याने ते चर्र्‌कन पाण्यात बुडवलं. मी पाकीट काढलं, तर गडी पातं घासून पुन्हा आचेकडे नेतोय!

"आता काय राहिलं भाऊ?"

"साहेब, आता हे काचेवानी हाय. पडलं त तुटून जाईन. जरा शेकू द्या."

मी कॉमर्सवाला. कार्बन म्हटलं की मला कार्बन पेपर आठवतो. पण सगळी करामत त्या कार्बनचीच. पोलाद सुमारे 727 अंशांच्या वर तापलं की कार्बन लोखंडात विरघळतो. सावकाश निवू दिलं तर तो वेगळा निघून बसतो, पातं मऊ राहतं. एकदम पाण्यात बुडवलं, तर बाहेर पडायला सवडच नाही. हिशेब न जुळलेल्या कॅशिअरसारखा तो आतच अडकतो! या अवस्थेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. अतिशय कठीण आणि तितकंच ठिसूळ. असे साहेब प्रत्येक शाखेत एकदा तरी बदलून येतात.

म्हणून दुसरा शेक, 200 ते 300 अंशांचा. पातं आधी गवती पिवळं, मग तपकिरी, जांभळं आणि शेवटी निळं होतं. पिवळ्यावर थांबलं तर धार टिकते, निळ्यावर लवचीकपणा येतो. थोडा कठीणपणा खर्ची टाकायचा, चिवटपणा जमा करायचा. हा व्यवहार मला ताबडतोब पटला.

लोखंडाशी आमच्या जिल्ह्याची ओळख जुनी. 1978 ते 1980च्या उत्खननात नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, सुमारे 2700 वर्षांपूर्वीची. एवढं ऊन असताना वर भट्टी पेटवणारी माणसं नागपूरचीच असणार!

आमचे चिरंजीव यंदा बारावीला आहेत. क्लासवाले आठवडाभर तापवतात, रविवारची परीक्षा पाण्यात बुडवते. पोरगं कठीण झालंय खरं. पण घरात कुणाशी धड बोलत नाही. दुसरा शेक कुठल्याच क्लासच्या फीमध्ये धरलेला नसतो. तो बापाच्या खाती. म्हणून रविवारी संध्याकाळी 'किती मिळाले?' हा प्रश्न घरीच ठेवून मी त्याला तर्री-पोहे खायला नेतो. पहिली प्लेट मुकाट्याने जाते.

दुसऱ्या प्लेटला रंग हळूहळू पिवळ्यावर येतो.