वाशिमच्या खिशातला हेरखात्याचा कोड

वाशिम, रिसोड, कारंजा, मानोरा, जिल्ह्यात कुठेही जा. समोरच्याच्या हातात अँड्रॉइड फोन असेल, तर त्यात अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने, म्हणजे एनएसएने, घडवलेली एक यंत्रणा चालू असते. मी मूळचा रिसोडचा, काम फोनच्या सुरक्षेचं. हे सांगितलं की गावाकडे पहिला प्रश्न ठरलेला: मग आपलं सगळं बोलणं ते ऐकतात का हो?

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर तपशिलात देतो. या यंत्रणेचं नाव एसईलिनक्स. डिसेंबर २००० मध्ये एनएसएने तिचा कोड सर्वांसाठी खुला केला. अँड्रॉइड ज्या लिनक्सवर उभं आहे, त्या लिनक्सवाल्यांनी तो डोळे झाकून घेतला नाही. २००१ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने सांगितलं की सुरक्षेची एकच पद्धत कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, लादू नका, कुठलीही पद्धत जोडता येईल अशी सोय आधी करा. ती सोय झाली, आणि मग २००३ मध्ये एसईलिनक्स कर्नलमध्ये आलं. अँड्रॉइडमध्ये ते २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून पूर्णपणे लागू झालं. तोवर जगभरच्या शेकडो नजरा त्या कोडवरून फिरून गेल्या होत्या.

ही यंत्रणा चालू आहे का, ते स्वतः पाहता येतं. फोन केबलने लॅपटॉपला जोडून ‘गेटएन्फोर्स’ ही आज्ञा दिली की ‘एन्फोर्सिंग’ असं उत्तर येतं. मग चालू प्रोसेसची यादी लेबलांसकट मागवायची. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या अ‍ॅपपुढे शिक्का दिसतो: ‘अनट्रस्टेड अ‍ॅप’. या शिक्क्याने कुठल्या फाइलला, कुठल्या यंत्रणेला हात लावायचा ते धोरणात लिहिलेलं असतं. लिहिलेलं नाही ते बंद. एखाद्या प्रोसेसने रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळवले, तरी तिलाही हेच धोरण लागू.

याच एनएसएने विंडोजमधली एक फट मात्र कित्येक वर्षं स्वतःपाशी दडवून ठेवली. तिचा फायदा घेणारं ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार एप्रिल २०१७ मध्ये फुटलं आणि जूनमध्ये ‘नॉटपेट्या’च्या हल्ल्यात वापरलं गेलं. मर्स्क या जहाज कंपनीची संगणक व्यवस्था कोसळली आणि आपल्या न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. संस्था एकच; उघड ठेवलेल्या कोडने आपले फोन राखले, दडवलेल्याने आपलं बंदर अडवलं. म्हणून कोड कुणी लिहिला याआधी मी विचारतो, तो वाचायला मिळतो का?

मार्च २०१९ मध्ये एनएसएने घिड्रा हे साधन खुलं केलं. तयार प्रोग्रॅम उलगडून त्याच्या आत काय चाललंय ते वाचण्याचं हे साधन. काही तासांतच एका अभ्यासकाने दाखवलं की त्याच्या डीबग मोडमध्ये नेटवर्कवर एक पोर्ट उघडा राहतो. दुरुस्ती एका ओळीची होती. कोड बंद असता तर ही ओळ कुणाला दिसली असती?

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. तरी कोरोनाकाळातलं आरोग्य सेतू अ‍ॅप २ एप्रिल २०२० ला आलं आणि त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड २६ मेला, तोही टीकेनंतर. माझ्या मते क्रम उलटा हवा होता: आधी कोड, मग अ‍ॅप.

आणि वाशिमला अशा खुल्या साधनांची गरज फार जवळची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा पीएम किसानच्या नावाने एपीके, म्हणजे अ‍ॅपची, फाइल येते. शेतकरी ती उघडतो, एसएमएस वाचायची परवानगी देतो आणि ओटीपी चोराकडे जातो. इथे एसईलिनक्स काही करू शकत नाही, कारण दार आपणच उघडलेलं असतं. पण अशी फाइल घिड्रामध्ये उलगडता येते. तिच्यात बेस६४ या सांकेतिक रूपात लपवलेला सर्व्हरचा पत्ता सायबरशेफमध्ये टाकला की वाचता येतो. सायबरशेफ ब्रिटनच्या जीसीएचक्यू या हेरखात्याचं, २०१६ पासून खुलं. ब्राउझरमध्ये चालतं, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटही लागत नाही. दोन्ही साधनं फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांत ती शिकवावीत असं मी भेटेल त्या प्राध्यापकांना सांगतो. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना सर्व्हरचा तो पत्ता हाताशी असला, तर पोलिसांना तपास सुरू करायला एक धागा मिळतो.