उलव्याची संध्याकाळ

नेरूळहून उरणच्या गाडीत बसावे. खाडीवरचा पूल मागे पडला की थोड्याच वेळात बामणडोंगरी येते, आणि स्थानकाबाहेर उलव्याचे सेक्टर सुरू होतात. इतर गावांना आळ्या असतात, उलव्याला आकडे आहेत. २०१८ च्या नोव्हेंबरात येथे रेल्वे आली, २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून अटल सेतू आला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जाणाऱ्या-येणाऱ्यांची चांगलीच सोय झाली. पण ज्यांना आता कोठे जायचे नाही, त्यांचे काय?

संध्याकाळी बागेत पाहावे. आजोबा मंडळी बाकावर असतात, बहुधा एका बाकावर एकच! मुलाने जागा घेतली म्हणून चाळीतले बिऱ्हाड मोडून आलेले. "काय, फिरायला?" "हो." संपले संभाषण! जन्मभर बोलणे झाले ते कचेरीत आणि लोकलच्या डब्यात; नोकरी सुटली, तसे सोबतीही सुटले. मुलीची खुशाली, व्याह्यांचा निरोप, शेजाऱ्यांचे नाव, सारे पत्नीकडून कळायचे. ती गेली की घरात राहूनही आजोबांना घरची बातमी कळत नाही.

आजीबाईंचे तसे नसते. दूध आणता आणता ओळख होते आणि महिन्याभरात भजनी मंडळ जमते. तेव्हा बायका सुखी, असे आपण म्हणून टाकतो. पण २०११ च्या जनगणनेत साठीपुढील शंभर पुरुषांत सुमारे ८२ जणांची सहचारिणी हयात होती. स्त्रियांत मात्र जेमतेम निम्म्यांना पतीची सोबत होती. नवरा वयाने मोठा, आणि बाईचे आयुष्य लांब. त्यातून हळदीकुंकवासारखे चारचौघींत बसण्याचे निमित्त विधवेला बंद! कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव करून विधवाप्रथा बंद केल्या. ते धैर्य सेक्टरांतल्या सोसायट्यांना का असू नये? घरात माणसे असतात, नातवंडे असतात, पण आजीशी बोलणे म्हणजे "चहा झाला का?" एवढेच. तिचा एकटेपणा गर्दीतला, म्हणून तो कोणाला दिसत नाही.

विमानतळासाठी दहा गावे उठली, त्यांत मूळ उलवेही होते. त्यांची नवी घरे वडघर, वहाळ, कुंडेवहाळ येथे झाली. तेथल्या म्हाताऱ्यांनी पुष्कळ काही गमावले. जिथे पाय पसरून दोन घटका बसावे ती ओटी गेली, आणि हाक मारताच ओ देणारी जुनी शेजारीण दुसऱ्या गल्लीत गेली. नुकसानभरपाईच्या कागदात या गोष्टींना रकाना नसतो.

या दिवाळीत शेजारी फराळाचे ताट द्यायला जाल, तेव्हा दारातूनच परतू नका. आजोबांना त्यांच्या कचेरीची एखादी हकीकत विचारा. ते सांगत बसतील. आजींना मात्र त्यांचे स्वतःचे काही विचारा, घरचे नव्हे. त्या आधी गोंधळतील, कारण हा प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कोणी विचारलेला नसेल.