बियाची गाजरं

गाजराच्या बियांना काटे असतात. दुकानातल्या पाकिटातलं बी गुळगुळीत असतं, कारण त्याचे काटे आधीच घासून काढलेले असतात. पण एका शेतकऱ्याच्या घरचं, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेलं बी माझ्याकडे आलं, तेव्हा ते एकमेकांत गुंतून त्याचे गोळे झाले होते. एक बी सुटं करून भिंगाखाली धरलं. एक बाजू सपाट, दुसऱ्या बाजूला उभ्या कडा आणि त्या कडांवर बारीक काट्यांची रांग. जनावरांच्या केसांना चिकटून दूरवर जायची ही सोय. बोटांत चोळलं तर ओवा, जिरं आणि बडीशेप यांच्या अधेमधे कुठेतरी बसणारा वास. सगळी एकाच कुळातली भावंडं. शेपू आणि कोथिंबीरही त्यातच.

त्या वासानं मला सांगलीकडच्या आत्याच्या मळ्यात नेऊन उभं केलं. संक्रांतीच्या आधी तिथे गाजरं निघायची. भोगीच्या भाजीला आणि सुगडात भरायला गाजर लागतंच, त्यामुळे त्या दिवसांत बाजारात मागणी असायची. बायका वाफ्यात ओळीनं बसून पाला मुठीत धरायच्या, किंचित पीळ द्यायच्या आणि ओढायच्या. पाटाच्या पाण्यात ती गाजरं धुतली की चिखलातून एकेक रंग वर यायचा. बहुतेक लाल, काही गुलाबी, मधूनच एखादं जांभळट खांद्याचं.

बाजारासाठी पोती भरायच्या आधी आत्या त्या ढिगापाशी बसायची. तिथे कुणी लुडबुड केलेली तिला खपत नसे. एकेक गाजर हातात घेऊन फिरवायची. फाटे फुटलेलं बाजूला, केसाळ मुळ्यांचं बाजूला, उन्हात उघडं राहून खांद्याशी हिरवं पडलेलं बाजूला. जे सरळ आणि एकरंगी असेल त्याचं शेपूट विळ्यानं उडवायची आणि आतला गाभा बघायची. गाभा बारीक हवा, बाहेरच्या रंगाशी जुळणारा हवा. मग तो उडवलेला तुकडा तोंडात टाकायची. चावता चावता तिचे डोळे बारीक व्हायचे. गोडी पटली की गाजर पाटीत, नाही तर पोत्यात. बोलणं नाही. मी एकदा पाटीतलं सगळ्यात देखणं गाजर उचललं, तर तिनं मनगट धरलं. ‘‘ती न्हाई बाळ. ती बियाची.’’ आणि पोत्यातलं दुसरं काढून दिलं.

पाटीतल्या गाजरांचा पाला चार बोटं ठेवून कापला जायचा आणि ती विहिरीच्या अंगाला पुन्हा मातीत उभी लावली जायची. गाजर हे दोन टप्प्यांत जगणारं झाड आहे. पहिल्या टप्प्यात ते मुळात साखर साठवतं आणि दुसऱ्या टप्प्यात ती साखर खर्चून फुलतं. आपण मधेच त्याची शिदोरी काढून खातो. विहिरीजवळची मात्र आपली शिदोरी वापरायची. शिमग्याच्या सुमाराला कमरेएवढ्या दांड्यांवर पांढऱ्या छत्र्या उघडायच्या आणि त्यांवर माश्यांची दाटी व्हायची. पुढे त्या वाळत जाऊन कडेनं आत वळायच्या, सुगरणीच्या खोप्यासारख्या. आत्या त्या सकाळच्या गारव्यात कापायची, म्हणजे बी झडत नसे. गोणपाटावर वाळवून तळहातांनी चोळायची. काटे तिथेच मोडायचे, त्यांचा बारीक भुसा उडायचा आणि तो वास तिच्या पदराला दोन दिवस राहायचा. मग सूप. पाखडताना सुपाच्या कडेशी येऊन थांबणारं बी आणि पलीकडे उडून जाणारं फोल यांच्यात तिला कधी फरक शोधावा लागला नाही. शेवटी राख मिसळून मडक्यात, आणि मडकं थेट दसऱ्यानंतर उघडायचं.

गाजराचे रंग निसर्गानं दिले असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. रानटी गाजराचं मूळ पांढुरकं, चिवट असतं. दहाव्या शतकाच्या सुमाराला अफगाणिस्तान आणि आसपासच्या भागात जांभळी आणि पिवळी गाजरं लावली जात होती. तिथून ती पश्चिमेला गेली. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामनं शेतीवरच्या आपल्या ग्रंथात दोन प्रकार नोंदले आणि लाल गाजर जास्त रसाळ ठरवलं. नारिंगी त्या मानानं लहान भावंड. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या डच आणि फ्लेमिश चित्रांतल्या बाजारांत ते ठळक दिसू लागतं. डच राजघराण्याच्या मानासाठी ते मुद्दाम घडवलं, अशी गोष्ट हौसेनं सांगतात. त्याला त्या काळचा पुरावा नाही, आणि मला ती गोष्ट आवडतही नाही. राजाला श्रेय देऊन ती ढिगापाशी बसलेल्या माणसांना पुसून टाकते.

त्यातल्या एका माणसाचं नाव तरी आपल्याला ठाऊक आहे. जुनागढ जिल्ह्यातल्या खामध्रोळचे वल्लभभाई वसरामभाई मारवणिया. 1943 साली त्यांच्या भागात गाजर जनावरांचा चारा म्हणून लावलं जायचं. त्यांनी ते माणसांच्या बाजारात नेलं, चांगली मुळं निवडत, त्यांचंच बी धरत राहिले आणि त्यातून ‘मधुवन’ गाजर उभं राहिलं. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती बातमी वाचून मला झालेला आनंद घरच्या माणसाला मान मिळाल्यासारखा होता.

माझी गच्ची पुण्यात आहे. दिवाळीच्या आगेमागे फूटभराहून खोल कुंड्यांत पेरते. माती, वाळू आणि जुनं, पुरतं मुरलेलं खत. ताजं शेणखत घातलं की मुळाला फाटे फुटतात. रोपं उचलून दुसरीकडे लावायची नाहीत, सोटमूळ दुखावतं. बी वाळूत कालवून रेघेत टाकायचं, जेमतेम झाकायचं आणि वर ओलं गोणपाट. उगवायला दोन-दोन आठवडे घेतं. पहिली दोन पानं गवतासारखी असतात, म्हणून पुढची कातरलेली खरी पानं दिसेपर्यंत कुंडीतलं काहीही उपटायचं नाही. नंतर विरळणी. ती मला जड जाते, पण दोन बोटांची जागा मिळाल्याशिवाय गाजर पोसत नाही.

दिल्लीच्या पुसा संस्थेनं आपल्या हवेला मानवणारे देशी वाण दिलेत. ‘पुसा असिता’ काळं, ‘पुसा रुधिरा’ लाल, ‘पुसा कुल्फी’ फिकट पिवळं. युरोपी नारिंगी वाणांना फुलायला कडक थंडी लागते, त्यामुळे त्यांचं बी कुलू खोऱ्यातल्या कट्राईनसारख्या डोंगराळ जागी धरतात. देशी वाण इथेच फुलतात, म्हणून माझा जीव त्यांच्यात.

स्वयंपाकघरात त्यांचे स्वभाव वेगळे. लाल-नारिंगी गाजराचा रंग तुपातेलात उतरतो. हलवा परतताना कडेनं सुटणारं तूप केशरी होतं ते त्यामुळे. काळ्याचा रंग पाण्यात उतरतो. दह्यातल्या कोशिंबिरीत आधी जांभळ्या रेघा सुटतात, मग सगळं वाडगं गुलाबी होतं, आणि वर लिंबू पिळलं तर रंग लालीकडे सरकतो. भोगीच्या भाजीत मात्र काळं गाजर घालू नये, असं माझं ठाम मत आहे. पावटे, सोलाणे, बोरं सगळ्यांवर ते आपलाच रंग चढवतं. त्या भाजीत प्रत्येकानं आपल्या रंगानं दिसलं पाहिजे.

यंदा काळ्यातलं एक आणि पिवळ्यातलं एक, दोन्हींची शेपटं चाखून पुन्हा मातीत लावली आहेत. शुद्ध बी हवं तर एका छत्रीवर मलमलीची पिशवी चढवावी लागते, कारण माश्या या कुंडीतून त्या कुंडीत परागकण नेतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘बांध गं पिशवी, नाही तर पुढच्या वर्षी काय उगवेल त्याचा नेम नाही.’’ मी पिशवी शिवलीही आहे, पण बांधणार नाही. येणारं बी काकूंना निम्मं देणार आहे.