निळी झाक

माझ्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिवळसर होते. डोळ्याचं भिंग असं पिवळं पडत गेलं की निळा रंग आधी हरवतो, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. मला ते आधी कळलं माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलीमुळे. ती परभणीकडची, मोजकं बोलणारी. "मॅडम, पाचव्या व्हेसलला निळी झाक आलीय." मी वाकून पाहिलं. मला नितळ पाणी दिसलं. कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रानं तिच्या बाजूनं कौल दिला.

डिझोल्यूशनवाल्यांना, म्हणजे व्हेसलमध्ये औषध कसं विरघळतं ते तपासणाऱ्यांना, ही झाक म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी एक हिशेब मांडते. इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध. त्याचा स्फटिक साध्या पाण्यात लिटरमागे जेमतेम एक मायक्रोग्रॅम विरघळतो आणि कॅप्सूलमध्ये ते असतं १०० मिलिग्रॅम. म्हणजे एका कॅप्सूलला एक लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे दहा टँकर. माणूस गोळीबरोबर पेलाभर पाणी पितो. १९९२ मध्ये अमेरिकेत आलेल्या कॅप्सूलनं हे कोडं सोडवलं ते साखरेच्या बारीक मण्यांवर औषध आणि एचपीएमसी नावाचा पॉलिमर यांचा एकजीव थर चढवून. औषधाचे रेणू पॉलिमरमध्ये विखरून टाकायचे, त्यांचा स्फटिक होऊ द्यायचा नाही. मग पाण्यात त्यांचं प्रमाण स्फटिकाच्या मर्यादेच्या कितीतरी वर चढतं आणि काही काळ वरच टिकतं. हा टिकण्याचा काळ वाढवणं, एवढंच माझं आयुष्यभराचं काम.

वर चढताना आणखी एक मर्यादा येते, अस्फटिक औषधाची. ती ओलांडली की पाण्यात औषधाचे अतिसूक्ष्म थेंब सुटतात, एकदोनशे नॅनोमीटरचे. त्यांच्यावरून विखुरलेला प्रकाश निळसर दिसतो. ही शुभ खूण. आतड्यातून रेणू शोषले गेले की हे थेंब त्यांची जागा भरून काढतात. पण झाक पांढुरकी झाली, दिव्यासमोर कण चमकायला लागले, की स्फटिक धरू लागलाय असं समजावं. विरघळलेल्या औषधाचा आकडा हा फरक सांगत नाही. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून असे थेंब सहज पार होतात आणि औषध मोजणारं एचपीएलसी यंत्र त्यांनाही विरघळलेल्यातच धरतं. उलट सॅम्पल लगेच पातळ केलं नाही तर ते कुपीत उभं असतानाच त्यात स्फटिक धरतो आणि मूळ व्हेसलमध्ये नसलेली घट ग्राफवर उमटते. म्हणून मी व्हेसलमागे काळा कागद धरून, खोलीतले दिवे मालवून, एका बाजूनं टॉर्च मारून बघत आले.

या बघण्याचा मला गर्व होता. यंत्रानं सांगायच्या आधी मी सांगायची. ओळखीचे लोक कंपनीतून फोन करायचे, "मॅडम, एकदा येऊन बघून जा." मी जायची आणि आवडायचं मला ते. पण कसं बघायचं ते मी कुणाला शिकवलं नाही. नजर शिकवता येत नाही, असं म्हणायची. खरं कारण वेगळं होतं. शिकवली असती तर मला बोलावलं नसतं.

नजर गेल्यावर मी उरले एका प्रश्नापाशी, जो नजरेनं सुटणारा नव्हताच. ड्रग लोडिंग. पॉलिमरमध्ये शंभरातले दहा भाग औषध असेल तर टॅब्लेट सुरेख वागते, पण आकारानं ती गिळवत नाही. म्हणून लोडिंग वाढवायचं. पंधरा, वीस, रिलीज, म्हणजे औषध सुटणं, तोच. आणखी थोडं वाढवलं की एका टप्प्यावर रिलीज हळूहळू कमी होत नाही, कोसळतो. कोपोव्हिडोन या पॉलिमरमध्ये तर हे इतकं तीक्ष्ण असतं की अलीकडच्या आणि पलीकडच्या टॅब्लेटची कृती शेजारी ठेवली तर एवढ्याशा फरकानं एवढं काय झालं, असं वाटतं. प्रत्येक औषधाचा हा टप्पा वेगळा.

काय होतं, ते आता बरंचसं ठाऊक आहे. पर्ड्यू विद्यापीठात लिन टेलर यांच्या गटानं या विषयावर वर्षानुवर्षं काम केलंय. टप्प्याच्या आत असेपर्यंत औषध आणि पॉलिमर एकाच वेगानं बाहेर पडतात आणि तो वेग पॉलिमरचा असतो; भरभर विरघळणारा पॉलिमर औषधाला बरोबर घेऊन जातो. टप्पा ओलांडला की पृष्ठभागावर पाणी शिरताच दोघं वेगळे होतात. पॉलिमर एकटा निघून जातो, मागे औषधाचा पापुद्रा उरतो. पुढचा सगळा प्रवास त्या पापुद्र्यातून, आणि तिथेच स्फटिकही धरतो. इथपर्यंत ठीक. पण पाणी शिरण्याचा वेग आणि वेगळं होण्याचा वेग, यांच्यात नेमकं कोण जिंकणार, हे औषधाच्या रेणूकडे बघून आधी सांगता येतं का? मला आलेलं नाही. पाण्याला फटकून राहणारं औषध आधी कोसळेल असं धरून चालावं, तर एखादं तसलंच औषध तीस टक्क्यांपर्यंत निमूट जातं. पॉलिमरशी हायड्रोजन बंध चांगले जुळले म्हणून निश्चिंत व्हावं, तर नेमके तेच बंध पॉलिमरला धरून ठेवतात आणि रिलीज मंदावतो. मी रात्री जागी होते ती या प्रश्नानं, अजूनही.

१८९७ मध्ये नॉयेस आणि व्हिटनी यांनी बेंझोइक आम्ल आणि लेड क्लोराइड पाण्यात फिरवून विरघळण्याचा नियम मांडला. एकच पदार्थ, एकच पृष्ठभाग. आमच्या टॅब्लेटचा पृष्ठभाग पहिल्या मिनिटाला एका पदार्थाचा असतो आणि दहाव्या मिनिटाला दुसऱ्याच. तरी एम.फार्म.च्या प्रबंधांत तेच समीकरण, मागोमाग हिगुचीचं, मागोमाग पेपासचं, आणि ज्याचा आर-वर्ग जास्त तो विजयी. हे मला सहन होत नाही. प्रयोगही ठरलेला: औषध आणि पीव्हीपी हा पॉलिमर एकास एक, एकास दोन, एकास तीन. एक्स-रेचा एक आलेख, चढता ग्राफ, आणि निष्कर्ष 'विद्राव्यता वाढली'. पावसाळ्यात हीच पावडर उघड्या बाटलीत महिनाभर ठेवली तर काय होईल, हे कुणी बघत नाही. ओलावा पॉलिमरला सैल करतो आणि रेणू सरकून एकत्र येतात. काही कारखान्यांतली रीत याहून वाईट. डिझोल्यूशनच्या माध्यमात सोडियम लॉरिल सल्फेट एवढं घालायचं की चांगली टॅब्लेट आणि बिघडलेली टॅब्लेट दोन्ही ८५ टक्क्यांच्या वर जातात. ही चाचणी काहीच ओळखत नाही.

चाचणीनं ओळखलं पाहिजे, हे रिटोनाविरनं शिकवलं. १९९८ मध्ये एचआयव्हीवरच्या या औषधाच्या कॅप्सूल डिझोल्यूशनमध्ये नापास व्हायला लागल्या. आधी कधी न दिसलेला, कमी विरघळणारा नवा स्फटिक त्यांच्यात तयार होत होता. कॅप्सूल बाजारातून गेल्या. पुढे हेच औषध कोपोव्हिडोनबरोबर वितळवून एकजीव केलं गेलं आणि २००५ मध्ये लोपिनाविरसोबतची टॅब्लेट आली, जिला फ्रिज लागत नव्हता. ज्या घरांत फ्रिज नाही तिथं ती पोहोचू शकली. पॉलिमर हा टॅब्लेटमधला निव्वळ भरताड माल आहे असं जे मानतात, त्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

ऑपरेशननंतर मला निळी झाक पुन्हा दिसते, पूर्वीपेक्षा स्वच्छ. पण मी आता टॉर्च त्या मुलीच्या हातात देते आणि काळा कागद मी धरते. तिनं एक नवी पद्धत सुरू केली आहे. पावडर डायमध्ये दाबून चकती करते, तिची एकच बाजू पाण्याला लागू देते, आणि प्रत्येक सॅम्पलमध्ये औषधाबरोबर पॉलिमरही मोजते. काम वाढतं. कोपोव्हिडोन यूव्हीत नीट दिसत नाही, त्याला वेगळा कॉलम आणि वेगळा डिटेक्टर लागतो. पण दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर टॅब्लेट टप्प्याच्या आत आहे. पॉलिमरची रेघ पुढे पळाली तर बाहेर. मी इतकी वर्षं झाक बघून जे अंदाजानं म्हणत होते ते तिच्या ग्राफवर सरळ दिसतं, आणि ते दाखवायला माझ्या डोळ्यांची गरज नाही.

या विषयात प्रबंध लिहिणाऱ्या आणि तो तपासणाऱ्या सगळ्यांना एक विनंती: औषधाचा ग्राफ पुरे झाला, त्याच्या शेजारी पॉलिमरचा ग्राफ जोडा. तो नसेल तर प्रबंध परत पाठवा.