वाकळीचा काठ

आमच्या बेळगावात गोधडीला वाकळ म्हणतात, शेजारच्या कानडी काकू कौदी म्हणतात, टाका तोच. इथल्या पावसात जाड कापड वाळता वाळत नाही, म्हणून वाकळी शिवायच्या त्या उन्हाळ्यातच. थंडीसाठी पाच-सहा थर, एरवी दोन पुरे. नवं कापड असेल तर आधी भिजवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून चुण्या पडतात.

धावदोरा कुणालाही जमतो, खरी परीक्षा काठाची. वाकळ विरते ती कडेनंच. ओढाओढ सगळी तिथंच. गोटाची पट्टी तिरकी कापली की कोपऱ्यात निमूट वळते. सरळ कापलेली तिथं फुगते.

यंदा लेकीनं हैदराबादला न्यायला वाकळ मागितलीय. आईचं एकच इरकली लुगडं उरलंय. बहीण म्हणते, "कापू नकोस गं, पेटीत असू दे." पण पेटीत घडीवरच ते चिरायला लागलंय. मला त्या नऊवारीचे तीन तुकडे करून वरच्या थराला घालायचेत, लेकीच्या गालाला लागेल अशा बाजूला. गोट मात्र नव्या सुती कापडाचा; जुनं काठाला टिकत नाही.

बहीण रविवारी येतेय. कात्रीला धार लावून ठेवलीय, पण चालवीन ती तिच्यासमोरच.