मौनाच्या टेकडीवरचं रॉक

नगर (आता अहिल्यानगर) म्हटलं की आपल्याला काय आठवतं? शिर्डीला जाताना लागणारं ट्रॅफिक, भुईकोट किल्ला, फार तर चांदबिबीचा महाल. पण शहरापासून नऊएक किलोमीटरवर, दौंड रस्त्यावरच्या अरणगावला एक टेकडी आहे. तिचा धागा थेट लंडनच्या रॉक म्युझिकशी जुळतो. खरं नाही वाटत? मग ऐका.

टेकडीचं नाव मेहेराबाद. पुण्यात १८९४ मध्ये जन्मलेल्या मेहेरबाबांनी १९२३ मध्ये इथे मुक्काम टाकला. १० जुलै १९२५ ला त्यांनी बोलणं थांबवलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत ते पुन्हा बोललेच नाहीत. आधी अक्षरांची पाटी, १९५४ नंतर तर नुसत्या हाताच्या खुणा. मोबाइल सायलेंटवर टाकतानाही जीव वरखाली होणाऱ्या आपल्या पिढीने या ४४ वर्षांचं काय करायचं?

गंमत म्हणजे या मौनी बाबांच्या प्रेमात पडला तो स्टेजवर गिटार फोडणारा माणूस. 'द हू'चा पीट टाऊनशेंड! १९६७च्या सुमारास माइक मॅकिनर्नी या चित्रकार मित्रामुळे त्याला बाबा कळले. तेव्हा लंडनमध्ये ड्रग्ज म्हणजे अध्यात्माचा शॉर्टकट, असा फंडा होता. 'गॉड इन अ पिल?' या १९६६च्या पुस्तिकेत बाबांनी त्याला साफ नकार दिला होता. पीटने ड्रग्ज सोडले. पण बाबांची भेट मात्र राहूनच गेली. मे १९६९ मध्ये 'टॉमी' हा अल्बम आला, त्यावर 'अवतार' म्हणून मेहेरबाबांचं नाव होतं. बाबा जाऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

त्याच वर्षी पीटने आणखी एक उद्योग केला. एकमेकांशी काहीच मेळ नसलेल्या तिघांना त्याने एकत्र आणलं. पोस्टात इंजिनिअर असलेला, जुन्या वळणाचा जॅझ पियानो वाजवणारा अँडी न्यूमन, गाणारा ड्रमर स्पीडी कीन आणि मिसरूडही न फुटलेला गिटारिस्ट जिमी मॅकलक. बँडचं नाव थंडरक्लॅप न्यूमन. 'समथिंग इन द एअर' हे कीनचं गाणं जुलै १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये नंबर वन! प्रोड्यूसर पीट, आणि टोपणनाव घेऊन बेस वाजवणाराही पीटच. १९७० मध्ये 'हॉलिवूड ड्रीम' हा एकमेव अल्बम आला आणि १९७१ मध्ये खेळ खल्लास. जिमी पुढे पॉल मॅकार्टनीच्या 'विंग्ज'मध्ये गेला आणि १९७९ मध्ये, २६व्या वर्षी वारला.

बँड संपला, पीटचं बाबांवरचं प्रेम नाही. 'सीएसआय न्यूयॉर्क'ची टायटल ट्यून आठवते? ते 'बाबा ओ'रायली'. त्यातले 'बाबा' आपल्या नगरचे! १९७२ मध्ये त्याने बाबांच्या प्रार्थनेला चाल लावली आणि त्याच वर्षी तो स्वतः मेहेराबादला येऊन समाधीपुढे नतमस्तक झाला. तरी १९७६ मध्ये 'द हू'ने १२६ डेसिबलचा, सर्वात कर्कश मैफलीचा गिनेस विक्रम केलाच. त्या आवाजाची किंमत पीटच्या कानांनी मोजली.

हे सगळं डोक्यात घेऊन मी टेकडी चढले. खाली रेल्वेचे रूळ, वर कडुनिंब आणि घुमटाची छोटीशी समाधी. छताच्या चार कोपऱ्यांवर चार धर्मांची चिन्हं, आत हेलन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८ मध्ये रंगवलेल्या भिंती. संध्याकाळच्या आरतीला मराठी, हिंदी, इंग्लिश असं सगळंच कानावर पडलं. कुणीतरी गिटार काढली. अँप नाही, माइक नाही. गाणं संपल्यावर टाळ्याही नाहीत. ती शांतता सुरुवातीला चक्क टोचते. पाचेक मिनिटांनी मात्र आपल्याच डोक्यातला गोंगाट ऐकू यायला लागतो. डेडलाइन, ईएमआय, न दिलेले रिप्लाय... मग तोही हळूहळू दमतो. ज्याच्या बँडने कानठळ्या बसवल्या, तो माणूस इतक्या लांब का आला असेल, हे मला तिथे पटलं.

कसं जाल? पुण्याहून नगर साधारण १२० किलोमीटर, एसटी भरपूर. नगरहून दौंड रस्त्याने अरणगाव. आरती सकाळी आणि संध्याकाळी सातला. मुक्काम करायचा तर आधी चौकशी करा. ३१ जानेवारीला अमरतिथी असते. दुपारी बाराला हजारो माणसं पंधरा मिनिटं गप्प बसतात. एकदा तरी त्या गर्दीत बसून बघा. हेडफोन मात्र बॅगेत ठेवा.